मुंगीने सांगितलेला वास

स्टूल डगमगू नये म्हणून आजीने त्याचा एक पाय आपल्या चपलेखाली दाबून धरला आणि वर पाहिलं. आजोबांचं डोकं पानांत गेलं होतं. खालून दिसत होत्या त्या फक्त दोन पोटऱ्या, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार आणि फांदी घट्ट धरलेला एक हात. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत ते फूल असणार.

नुकतंच उजाडलं होतं. शेडनेटमधून गाळून आलेला उजेड हिरवट होता, आणि त्या उजेडात रोपांच्या रांगा, कुंड्या, पाण्याची टाकी, सगळं तळ्याच्या तळाशी मांडून ठेवल्यासारखं शांत दिसत होतं. कुठेतरी नळ ठिबकत होता. आजी वाट पाहत होती. फूल हुंगायला एवढा वेळ लागत नाही हे तिला ठाऊक होतं. ज्याने जन्मभर चाफे लावले त्याला तर एक श्वास पुरतो.

"अहो," ती म्हणाली, "झोपलात की काय तिथे?"

आजोबा सावकाश उतरले. चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"तू चढ."

"मी? आधी माझे गुडघे बघा, मग बोला."

"चढ गं. मी धरतो."

आजी चढली. फूल डोळ्यांसमोर आलं आणि आपण स्टुलावर उभ्या आहोत हेच ती क्षणभर विसरली. पांढरं, पण कागदासारखं पांढरं नव्हे. दुधावर साय धरू लागते तेव्हा येतो तसा रंग. लांबट पाकळ्या चमच्यासारख्या आत वळलेल्या, मधोमध हिरवट सुळका. एका पाकळीवर थेंब होता, तो तिच्या श्वासाने हलला. तिने डोळे मिटले आणि नाक जवळ नेलं.

पानांचा ओला वास आला. सालीचा आला. स्वतःच्या बोटांना लागलेल्या चहाच्या पावडरीचा आला. फुलाचा आला नाही.

तिने पुन्हा श्वास घेतला, अगदी पोटापर्यंत. काही नाही. भांडं घासून पालथं घातलं की त्याला जेवढा वास असतो तेवढाच.

खाली आजोबा स्टूल धरून वर बघत होते. वरून ते लहान दिसत होते, निकाल ऐकायला उभ्या असलेल्या मुलासारखे, फक्त टक्कल पडलेल्या.

फाटकाजवळ त्यांचा जुना सोनचाफा होता. त्याचा वास असा की रस्त्याने घाईत निघालेला माणूससुद्धा तिथे आला की चाल मंद करी. मागच्या भिंतीला लागून दुसरा चाफा होता. त्याची फुलं पांढरी, मोठी, नजर ठरू नये अशी, पण वास नावापुरता. याचं रूप आणि त्याचा वास एका झाडावर आणायचा, हे आजोबांच्या डोक्यात शिरलं तेव्हा त्यांची नात जन्मलीसुद्धा नव्हती. उद्या उमलणार अशी कळी आज संध्याकाळी हाताने हलकेच उघडायची. दुसऱ्या झाडाचा पराग मऊ कुंचल्याने आत लावायचा. वर कागदाची टोपी बांधायची, म्हणजे भुंगे लुडबुड करत नाहीत. मग लाल बिया धरल्या की पाखरांच्या आधी त्या उतरवायच्या आणि वाळूत पेरायच्या. पुष्कळ उगवल्या, थोड्या जगल्या, आणि शेवटी टाकीशेजारी हे एक झाड उरलं. बियांपासून आलेला चाफा फुलायला वर्षंच्या वर्षं घेतो. आजोबा थांबले. थांबता थांबता मुलगी लग्न होऊन गेली, नात शाळेत जाऊ लागली, आणि लोक आजोबांना नावाने हाक मारायचं विसरून नुसतं चाफेवाले म्हणू लागले. त्या झाडावर आज पहिलं फूल आलं होतं.

"कसा आहे?" आजोबांनी विचारलं.

"छान," आजी म्हणाली. "मंद आहे, पण गोड."

शब्द आधी बाहेर पडले आणि मग तिला कळलं की आपण ते बोललो. तरी तिला वाटलं, बरंच झालं. आता यांचा चेहरा उजळेल, हे कुणाला तरी हाक मारतील, मग चहा होईल.

आजोबांनी हात देऊन तिला उतरवलं. तिच्या खांद्यावरचं वाळलेलं पान झटकलं.

"मग माझंच नाक गेलं," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात, चष्मा घरी विसरलो म्हणावं तसं.

मागच्या थंडीत त्यांना मोठा ताप आला होता. तेव्हा काही दिवस त्यांना कसलाच वास येत नव्हता. ताप उतरला, वास परत आले, पण तेव्हापासून ते मधूनच एखादं पान चुरडून नाकाशी धरत, कुणी बघत नाही ना ते पाहून. आजीने ते पाहिलं होतं. आता या घडीला ते तिला कसं आठवलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

"असं कसं जाईल?" ती घाईने म्हणाली. "तो मोगरा बघा हुंगून. तो अनंत बघा."

"येतो गं. मोगऱ्याचा येतो, अनंताचा येतो." आजोबा टाकीच्या कठड्यावर बसले. "पण ते सगळे जुने वास. मोगरा दिसला की त्याचा वास आपोआप आठवतो. तो नाक घेतं की आठवण घेते, कसं सांगणार? नाकाची परीक्षा नव्या वासाला. आणि नवा वास हा एवढा एकच होता."

आजीने तोंड उघडलं. पण आजोबा वर फुलाकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी निवत होतं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "नाक गेलं तर गेलं. झाड तर झालं."

खरं सांगावं तर झाड जातं, न सांगावं तर नाक. ती चहा टाकायला आत गेली आणि साखर दोनदा घातली.

*

दुपारी पिशव्या भरता भरता तिला बसल्याजागी डुलकी लागली. स्वप्नात ती झारीने रोपांना पाणी घालत होती. झारीतून पाणी येत नव्हतं, वास येत होता, निळसर, दिसण्याइतका दाट, आणि रोपं तो माना वर करून पीत होती. आजोबा रांगेतून तिच्या मागोमाग चालत विचारत होते, "काय ओततेस गं?" ती म्हणत होती, "पाणीच." जागी झाली तेव्हा मांडीवर माती सांडली होती आणि फाटकाकडून सोनचाफ्याचा वास येत होता, उन्हाबरोबर एकदा जवळ, एकदा लांब.

दोन-तीन दिवसांनी दूध लागलं.

त्या घरात दूध सहसा लागत नसे. स्वयंपाकघर एका टोकाला आणि रोपवाटिका दुसऱ्या, तरी भांड्याचा तळ तापून पहिला करपट श्वास निघाला की बागेतून हाक यायची, "अगं, दूध!" आजी शेजाऱ्यांना सांगायची, आमच्याकडे गॅसला शिट्टी नाही, नवरा आहे. त्या दिवशी हाक आली नाही. ती खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. धावत गेली तोवर पातेलं काळं झालं होतं.

आजोबा पायरीवर रोपांची पिवळी पानं खुडत बसले होते.

"वास नाही आला?" तिने विचारलं.

"आला असं वाटलं," ते म्हणाले. "मग म्हटलं, आठवण असेल."

आजी पातेलं घासत राहिली. तळाचा काळा डाग गेला, तरी घासत राहिली.

*

शेजारी गुलाबवाले राहत. त्यांची गुलाबांची बाग कुंपणापलीकडे होती, आणि आजोबांची नि त्यांची मैत्री जुनी, कुंपणावरून एकमेकांना टोमणे मारत मुरलेली. गुलाबवाल्यांची मिशी सगळ्यांना माहीत होती. टोकं वर वळवलेली, रोज सकाळी मेण लावलेली. टाकीशेजारचं झाड अजून गुडघ्याएवढं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "चाफेवाले, याला कधी वास आला तर ही मिशी तुमच्या खताच्या खड्ड्यात." आणि दर वर्षी कुंपणावरून विचारत, "काय, वस्तरा काढू का?"

आजी त्यांच्याकडे गेली तेव्हा ते कलमांवरचा फुटवा काढत होते. तिने सगळं सांगितलं. सांगताना सारखी मागे वळून कुंपणाकडे बघत होती.

"म्हणजे मी यायचं, हुंगायचं, आणि वास येतो म्हणायचं," गुलाबवाले म्हणाले.

"एवढंच. झाडावरचा त्यांचा विश्वास राहील. नाकाचं मी बघते काहीतरी."

"काय बघणार वहिनी? नाक काय दुकानात मिळतं?"

"भावजी, मला आता सुचत नाहीये. तुम्ही एवढं करा."

गुलाबवाल्यांनी कात्री खिशात ठेवली. बराच वेळ त्यांनी मिशीचं उजवं टोक पिळलं.

"येतो म्हटलं तर पैज हरलो," ते म्हणाले.

"पैजेचं काय एवढं? थट्टेत बोललात."

"थट्टेत बोललो, पण त्यांनी खऱ्यात ऐकलं. वास येतो म्हणालो आणि मिशी ठेवली, तर चाफेवाले एका मिनिटात ओळखतील. त्यांचं नाक गेलं असेल, डोकं कुठे गेलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. आत आलेला माणूस आजीने ओळखला तो सदऱ्यावरून. मिशीच्या जागी फिकट, ओलसर, नव्या कातडीचा पट्टा होता, आणि त्यामुळे त्यांचा सगळा चेहरा कुणीतरी रागावलेल्या मुलाचा दिसत होता.

"सुनेने दार उघडलं," गुलाबवाले म्हणाले. "म्हणाली, बाबा घरी नाहीत, नंतर या."

आजोबा हसले. हसता हसता थांबले.

"पण अजून हुंगलं कुठे तुम्ही?"

"काल तुम्ही आत होता तेव्हा वहिनींनी दाखवलं. रात्रभर झोप नाही मला." ते स्टुलावर चढले, फुलात तोंड खुपसलं, खूप वेळ डोळे मिटून राहिले. खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे खरंच ओलावले होते. "काय केलंत हो चाफेवाले. गुलाबांची लाज वाटायला लागली."

आजोबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गुलाबवाले गेल्यावर ते आत आले, खुंटीवरच्या पिशवीतून कलमाचा चाकू काढला, त्याचं पातं आंगठ्यावर पाहिलं, मिटवलं आणि आजीपुढे ठेवला.

"हा ठेव कुठेतरी."

"का?"

"कुठली काडी घ्यायची, कुठली टाकायची, ते मी वासावर ठरवत आलो. आता अंदाजाने लोकांना झाडं द्यायची नाहीत. गुलाबवाला मिशी काढून गेला. माझ्यासाठी कुणी काय काय करेल, पण मिशी खोट्यासाठी कुणी काढत नाही."

चाकूची लाकडी मूठ त्यांच्या बोटांच्या आकाराने झिजलेली होती. आजीने तो कपाटात चादरींच्या घडीखाली ठेवला आणि कपाटाचं दार दोनदा लावून पाहिलं.

*

सुट्टीच्या दिवशी नात यायची. तिचं मुंगी हे नाव आजोबांनीच ठेवलं होतं. चालायला लागली तेव्हापासून ती वाटेतल्या प्रत्येक गोष्टीला नाक लावत जायची. कुंडी, चप्पल, मांजर, काहीही. आजोबा म्हणाले, ही मुंगी आहे, हिला साखर आपल्या आधी कळणार. मग त्यांनी तिची शाळा सुरू केली. शाळेचा नियम एकच होता. वास चांगला म्हणायचा नाही, वाईट म्हणायचा नाही. कशासारखा आहे ते सांगायचं.

"चांगला म्हटलं की विषय संपला," ते तिला म्हणायचे. "कशासारखा म्हटलं की सुरू झाला."

पहिला धडा फाटकाजवळच्या सोनचाफ्याखाली झाला होता. आजीने तो खिडकीतून पाहिला होता. मुंगीने फूल हुंगलं, कपाळाला आठ्या घातल्या, काहीतरी म्हणाली, आणि आजोबा इतके हसले की त्यांना खताच्या पोत्यावर बसावं लागलं. रात्री आजीने विचारलं, "काय म्हणाली हो?" तर म्हणाले, "आमच्या शाळेतलं बाहेर सांगायचं नसतं."

त्यानंतर पुष्कळ धडे झाले. कामिनीचा वास नवीन वहीच्या शिवणीसारखा. पावडर लावलेल्या मांजरासारखा अनंताचा. यावर दोघांचं भांडण झालं, कारण आजोबांच्या मते मांजर पावडर लावून घेत नाही, आणि मुंगीच्या मते म्हणूनच तो वास असा आहे.

त्या दिवशी मुंगी आली, दप्तरासारखी पाठीवरची पिशवी पायरीवर टाकली आणि सरळ टाकीकडे पळाली. झाडावर आता आणखी तीन फुलं उमलली होती, एक अगदी खालच्या फांदीवर. आजी तिच्या मागे गेली तोवर तिचं हुंगून झालं होतं.

"आजी, याला वासच नाही."

"हळू बोल."

"पण नाहीये."

आजी उकिडवी बसली. मुंगीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "आजोबांनी विचारलं तर येतो म्हणायचं."

"का?"

"त्यांना बरं वाटेल."

मुंगी विचारात पडली. "येतो म्हटलं तर ते कशासारखा विचारतील."

"मग सांग काहीतरी."

"काहीतरी नाही चालत," मुंगी म्हणाली. "आमच्या शाळेत."

आजीने तिचे हात सोडले. आजोबांनी शाळा बंद केल्याचं मुंगीला अजून कळलं नव्हतं. ते तिला दुपारी कळलं. ती त्यांचा हात धरून ओढत होती आणि ते म्हणाले, "मुंगे, आता मला शिकवण्यासारखं काही राहिलं नाही." मुंगीने हात सोडला. बराच वेळ ती झारीच्या चाळणीची भोकं मोजत बसली. एकदा नाक ओढल्याचा आवाज आला, तो हुंगण्याचा नव्हता.

आजोबांनी तो ऐकला असावा. ऊन कलल्यावर ते आपणहून उठले.

"चल," म्हणाले. "एक धडा राहिलाय. पण आज उलटा. आज तू सांगायचं आणि मी शिकायचं."

ते टाकीच्या कठड्यावर बसले. खालच्या फांदीवरचं फूल मुंगीच्या बरोबर तोंडासमोर येत होतं. आजी जवळच कुंड्यांतली माती उकरत होती, किंवा एकच कुंडी पुन्हा पुन्हा उकरत होती. हवा ओलसर आणि स्तब्ध होती. पांढरी फुलं त्या हिरव्या उजेडात तरंगत असल्यासारखी दिसत होती.

"मला हा वास येत नाही," आजोबा म्हणाले. "माझं नाक म्हातारं झालं. आजीला येतो, गुलाबवाल्यांना येतो. पण आजी म्हणते गोड, आणि गुलाबवाले म्हणतात लाज वाटली. त्यावरून मला काय कळणार? तू नीट सांग. मग मला तो आला असंच होईल."

मुंगीने आजीकडे पाहिलं. आजीने कुंडीकडे पाहिलं.

मुंगीने फूल दोन्ही हातांत धरलं, डोळे मिटले आणि हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. कान लाल झाले.

"रजईसारखा," ती शेवटी म्हणाली.

"कसल्या रजईसारखा?"

"उन्हात वाळत घातलेल्या. गरम झालेल्या." तिने फूल सोडलं. "आणि त्या रजईत कुणीतरी केळं विसरलंय."

आजीचा हात मातीत थांबला. पोरीने काय सुंदर रचलं, तिला वाटलं. रजई आणि केळं. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. तिने हळूच नजर वर केली.

आजोबा मुंगीकडे बघत नव्हते. मान वळवून ते लांब फाटकाकडे बघत होते आणि त्यांच्या दोन भुवयांमध्ये अशी एक रेघ उमटली होती, जशी कलम बांधताना उमटायची.

"केळं कच्चं की पिकलेलं?" त्यांनी विचारलं.

"पिकलेलं."

"सालीवर ठिपके आलेलं?"

"हो," मुंगी अगदी बारीक आवाजात म्हणाली.

"हं."

टाकीत पाण्याचा थेंब पडला, त्याची वर्तुळं कठड्यापर्यंत येऊन विरली. आजोबांनी समोरचं फूल हलकेच आपल्याकडे ओढलं, नाकाशी नेलं, एक लांब श्वास घेतला, आणि सोडून दिलं. फांदी दोनदा झुलली.

"शाबास मुंगे," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच राहिला. मग गुडघ्यांवर भार देत उठले. "अगं, माझा चाकू कुठे ठेवलास?"

"कपाटात," आजी म्हणाली. "चादरींखाली."

ते आत गेले. आजीला सुटल्यासारखं वाटलं. मुंगीने सांगितलेल्या वासाने त्यांना पटलं, समाधान झालं, आता ते पुन्हा कामाला लागतील. वाईट काय आहे त्यात? नाकाचंही होईल हळूहळू काहीतरी.

तिने मुंगीला आत नेलं, हात धुतले, दूध तापत ठेवलं आणि तिच्या हातावर बिस्कीट ठेवलं. मुंगीने ते खाल्लं नाही.

"किती छान सांगितलंस गं," आजी म्हणाली. "कसं सुचलं तुला?"

"सुचलं नाही," मुंगी म्हणाली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. "मला काही सुचतच नव्हतं. ते फाटकाजवळच्याचं सांगितलं."

"म्हणजे?"

"सोनचाफ्याचं. पहिल्या धड्यातलं. तेव्हा मी आजोबांना तेच सांगितलं होतं. रजई आणि केळं." तिने डोळे पुसले. "तेव्हा ते खूप हसले होते. आज हसले नाहीत. आजी, त्यांना कळलं का?"

आजीच्या हातातला बिस्किटांचा डबा ओट्यावर टेकला. झाकण लावायचं राहिलं. ती तशीच बाहेर निघाली, पायात चपला आहेत की नाहीत हे न बघता.

फाटकाजवळ आजोबा सोनचाफ्याची एक फांदी वाकवून पेन्सिलीएवढी एक काडी निवडत होते. निवडली. कापली. पानं उतरवली, ओल्या फडक्यात गुंडाळली, आणि आजीच्या शेजारून टाकीकडे निघाले. तीही मागोमाग गेली.

टाकीशेजारच्या झाडाची वरची एक फांदी त्यांनी आधीच छाटून ठेवली होती. खुंटाला मधोमध चीर दिलेली होती. ते स्टुलावर चढले. स्टूल डगमगलं. आजीने पुढे होऊन त्याचा पाय अनवाणी पायाने दाबून धरला.

वर चाकू चालत होता. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर झाली. तासताना सालीचा हिरवा, ओला वास खाली आला. आजोबांनी ती पाचर चिरेत बसवली, साल सालीला भिडवली, आंगठ्याने दाबून पाहिली.

"पट्टी दे."

आजीने कठड्यावरची पट्टी उचलून वर दिली. त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली.

"अहो," ती म्हणाली. "मी त्या दिवशी..."

"दुसरी दे. लांब बघून दे."

तिने दिली. ते बांधत राहिले, एकावर एक वेढा, घट्ट, हळू. बाजूलाच बिनवासाची पांढरी फुलं उमलली होती. त्यातलं एक त्यांच्या कोपराला सारखं लागत होतं, तरी त्यांनी ते तोडलं नाही, फांदी हलकेच बाजूला सारली.

"आता कशाला हे?" आजीने खूप वेळाने विचारलं.

"पुढच्या बहराला मुंगी इथे उभी राहून हुंगेल," आजोबा म्हणाले. "माझी विद्यार्थिनी आहे ती. खोटं सांगितलं असं व्हायला नको."

आजीने पदराने डोळे टिपले. स्टुलावरचा पाय काढला नाही.

"आणि गुलाबवाल्याला निरोप दे," वरून आवाज आला. "म्हणावं, मिशी वाढव आता. पैजेचा निकाल अजून लागायचा आहे."

त्यांनी शेवटची गाठ मारली, चाकू मिटला, खिशात टाकला. खाली उतरायला पाय पुढे केला आणि मध्येच थांबले. एक हात फांदीवर, मान किंचित वर, नाकपुड्या फुललेल्या.

"काय झालं?" आजीने विचारलं.

"अगं, दूध," आजोबा म्हणाले.

आजीने हुंगून पाहिलं. तिला ओल्या मातीचा वास आला, सालीचा आला, लांबून सोनचाफ्याचा आला. बाकी काही आलं नाही. ती स्वयंपाकघराकडे धावली. पातेल्याच्या कडेला दूध नुकतं वर चढत होतं, आणि खाली तळाला, अगदी पैशाएवढ्या जागेत, लागायला सुरुवात झाली होती.